नोकरीचा भरवसा नाही, तरी क्रूझ बुक करावी का?

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. घरात पाच माणसं: त्या, मिस्टर, पंधरा आणि अकरा वर्षांची दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. येत्या मे महिन्यात सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ करायचं वर्षभर ठरतंय. मध्येच मिस्टरांच्या आयटी कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झाली. इकडे एजंट मागे लागलाय की या आठवड्यात पूर्ण रक्कम भरा, वीस टक्के सूट देतो. भरावी का, आणि असल्या दिवसांत परवडेल अशी क्रूझ शोधायची तरी कशी, असं त्यांनी विचारलंय.

ताई, पूर्ण रक्कम आत्ता भरू नका. सहलही एवढ्यात रद्द करू नका. मी स्वतः टूर्सच्या धंद्यात आहे, गिऱ्हाइकाला 'थांबा' म्हणणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय, तरी सांगतो.

पगार नक्की असतो तेव्हा माणूस किंमत बघून सहल घेतो, ते बरोबरच आहे. पण पुढच्या सहा महिन्यांचं काही सांगता येत नसेल, तर किंमत दुसऱ्यांदा बघायची. आधी बघायचं ते हे की कोणत्या तारखेला माघार घेतली तर किती पैसे बुडतील. तुमच्या एजंटची सूट याच मापाने मोजू. समजायला सोपं जावं म्हणून धरा, पाच जणांचं पॅकेज विमानासकट सहा लाखांचं आहे. वीस टक्के सूट म्हणजे ४ लाख ८० हजार, पण ते परत मिळणार नाहीत. आता तुमच्यासारखी पाच घरं डोळ्यांसमोर आणा, आणि त्यांतल्या एका घराला ऐन वेळी जाता आलं नाही असं माना. पाचही घरांनी सूट घेऊन आधीच पैसे भरले तर एकूण गेले २४ लाख. पाचही घरांनी सूट न घेता, सोडवता येईल असं बुकिंग केलं, तर चार घरं प्रत्येकी सहा लाख देऊन गेली, म्हणजे तेही २४ लाखच. पाचव्याचं बुकिंगचं जे काही थोडंफार कापलं जाईल, तेवढाच फरक. म्हणजे माघार घ्यावी लागण्याची शक्यता पाचात एक, फार तर जराशी जास्त, वाटत असेल तिथे ही सूट संपली. तुमच्या मिस्टरांची टीम ज्या प्रोजेक्टवर आहे, त्यावरून ही शक्यता किती, ते तुम्हा दोघांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. आणि ज्या महिन्यात नोकरी जाते, त्या महिन्यात हे पावणेपाच लाख म्हणजे घराचे हप्ते आणि मुलांच्या फिया असतात, हे या गणितात धरलेलंच नाही.

आता क्रूझ स्वस्त होतात त्या का, हे एकदा समजून घ्या, म्हणजे कोणती सूट खरी ते ओळखता येईल. जहाजाचं इंधन, बंदराची फी, हजार-दीड हजार कर्मचाऱ्यांचा पगार, हा खर्च केबिन भरली काय, रिकामी राहिली काय, जवळपास तेवढाच. जहाज एकदा धक्का सोडून गेलं की रिकाम्या केबिनचा पैसा कायमचा गेला. शिवाय जहाजावर चढलेला माणूस दारू, फोटो, स्पा, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली यांवर वरून खर्च करतो. त्यामुळे कंपनीला भाडं पाडून का होईना, माणूस चढलेला हवा असतो. २००८-०९ च्या मंदीत अमेरिकेतल्या क्रूझ कंपन्यांनी हेच केलं होतं, भाडी खाली आणली आणि जहाजं भरून नेली.

पण त्या पडलेल्या भाड्याचा फायदा कोणाला होतो? फ्लोरिडात राहणाऱ्या निवृत्त जोडप्याला. सकाळी भाव बघायचा, बॅग भरायची, गाडी काढून मायामीच्या बंदरावर जायचं. आपल्याकडे त्यात विमान आणि व्हिसा येतो. तीन आठवडे आधी क्रूझमध्ये माणशी दहा हजार वाचले आणि मे महिन्याच्या ऐन गर्दीत मुंबई-सिंगापूरच्या तिकिटाला त्याहून जास्त गेले, असं झालेलं मी कितीदा पाहिलंय. म्हणून परदेशातून निघणाऱ्या जहाजाच्या 'शेवटच्या क्षणीच्या' भावाची वाट भारतातल्या कुटुंबाने बघू नये. तुमची मुलगी किंवा भाचा न्यू जर्सीत असेल आणि तुम्ही तिकडेच तीन महिने असाल, तर गोष्ट वेगळी. तिथे ही युक्ती जरूर वापरा, फक्त अमेरिकेचा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा आहे ना, तेवढं बघा.

रुपयाचंही लक्षात ठेवा. २०२५ च्या सुरुवातीला डॉलर ८५-८६ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबरात त्याने नव्वदी ओलांडली. कंपनीने डॉलरमध्ये पाच टक्के सूट दिली तरी रुपयात तुम्ही होता तिथेच. कोटेशन कोणत्या चलनात आहे आणि उरलेली रक्कम कोणत्या दिवसाच्या दराने घेणार, हे विचाराच. 'रुपयात पक्कं' आणि 'भरण्याच्या दिवसाच्या दराने' यांत सहा लाखांच्या सहलीवर सहज पंचवीस-तीस हजारांचा फरक पडतो.

आता कागद. कुठल्याही कोटेशनचं शेवटचं पान आधी उघडा. तिथे कॅन्सलेशनच्या तारखा असतात: इतके दिवस आधी इतके टक्के कापणार. दोन तक्ते मागा, एक जहाज कंपनीचा आणि एक एजंटचा स्वतःचा. हे दोन वेगळे असतात आणि एजंटचा बहुतेकदा जास्त कडक असतो, कारण त्याने ग्रुपसाठी केबिन आणि विमानाच्या जागा आधीच उचललेल्या असतात. परदेशी मोठ्या कंपन्यांकडे थेट बुकिंग केलं तर डिपॉझिट भरून केबिन धरता येते आणि उरलेली रक्कम साधारण अडीच-तीन महिने आधी भरायची असते. मेच्या मध्याला निघणाऱ्या जहाजाची ती तारीख फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पडते. तुमच्यासाठी खरी निर्णयाची तारीख तीच. या आठवड्यात निर्णय घ्यायची घाई एजंटला आहे, तुम्हाला नाही. मात्र डिपॉझिटमध्येही 'परत मिळणारं' आणि 'न मिळणारं' असे दोन प्रकार असतात, आणि स्वस्त दिसणारा भाव सहसा दुसऱ्या प्रकारचा.

पुढचा प्रश्न: परत म्हणजे बँकेत परत, की क्रेडिट नोट, म्हणजे त्याच कंपनीकडे पुढच्या बुकिंगला वापरायची चिठ्ठी? कोविडच्या काळात लोकांच्या हातात क्रेडिट नोटा आल्या आणि काही ठिकाणी ती देणारी कंपनीच उरली नाही. हे काही दूरचं नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रिटनमधली थॉमस कुक ही टूर कंपनी कोसळली (आपली थॉमस कुक इंडिया ही वेगळी कंपनी, ती चालूच आहे, पण तेव्हा फोन करकरून लोकांनी आम्हाला भंडावलं होतं). मुंबईहून 'कर्णिका' जहाज चालवणारी जलेश क्रूझेस २०१९ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये बंद पडली आणि जहाज अलंगला भंगारात गेलं. सिंगापूरच्या क्रूझ जिच्यामुळे आपल्या लोकांना माहीत झाल्या, ती गेंटिंग हाँगकाँग ही क्रूझ कंपनी जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिचं 'गेंटिंग ड्रीम' जहाज २०२२ मध्ये रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस या नव्या कंपनीच्या नावाने सिंगापूरहून निघू लागलं, आणि २०२५ मध्ये त्या कंपनीचंही नाव बदलून स्टारड्रीम क्रूझेस झालं. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी जमिनीवर बसली. ब्रिटनमध्ये थॉमस कुक गेली तेव्हा अडकलेल्या प्रवाशांना सरकारी संरक्षण योजनेतून घरी आणलं गेलं. आपल्याकडे तशी योजना नाही. म्हणून मोठी रक्कम जेवढी उशिरा भराल तेवढं बरं, आणि भरताना रोख किंवा एजंटच्या खासगी खात्यावर यूपीआय न करता क्रेडिट कार्डाने, कंपनीच्या नावाच्या पावतीवर भरा. सेवा मिळाली नाही तर कार्डाच्या बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागायचा एक रस्ता तरी राहतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथपर्यंत जायची वेळ न आलेली बरी.

आता भाड्याकडे येऊ. क्रूझचं जाहिरातीतलं भाडं आणि घराला कुलूप लावल्यापासून उघडेपर्यंतचा खर्च यांत जे अंतर असतं, त्याला आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. सगळ्यांत जास्त चकवतात त्या टिप्स. मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर माणशी दर दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर आपोआप बिलात चढतात, मुलांचेसुद्धा. १८ डॉलर धरले, पाच माणसं, चार रात्री, तर ३६० डॉलर. नव्वदच्या दराने ३२ हजार ४०० रुपये. हे तुमच्या कोटेशनमध्ये आहेत का? बहुधा 'बंदर शुल्क आणि टिप्स वेगळे' अशी एक बारीक ओळ असेल. त्यानंतर इंटरनेट. जहाजावरचं इंटरनेट महाग असतं, घरातल्या एकाच फोनचं घ्या आणि मुलांना तीन दिवस मोकळं सोडा. पेयांचं पॅकेज आपल्या बहुतेक कुटुंबांना लागत नाही. पाणी, चहा-कॉफी आणि बुफेतलं सरबत सहसा भाड्यातच असतं. काही कंपन्या एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यायला लावतात, हे आधी विचारून ठेवा. जेवणाची काळजी नको, सिंगापूरच्या जहाजांवर भारतीय शाकाहारी जेवण मिळतं. जैन हवं असेल तर बुकिंग करतानाच लिहून द्यायचं.

केबिनचा हिशोब नीट करा, पाच जणांत तिथेच सगळ्यांत जास्त पैसे वाचतात. एका केबिनमध्ये सहसा जास्तीत जास्त चौघे. पहिल्या दोघांना पूर्ण भाडं, तिसऱ्या-चौथ्याला बरंच कमी. म्हणून 'चौघे एकत्र आणि आजी वेगळ्या' हे स्वस्त वाटतं, पण एकट्या माणसाच्या केबिनला बहुतेकदा दोघांचं भाडं लागतं. तीन आणि दोन अशी वाटणी करा. म्हणजे चौघांना पूर्ण भाडं आणि एकाला कमी, आणि कोणी एकटं नाही. दोन्ही केबिन बाल्कनीच्या घ्यायची गरज नाही. एक बाल्कनीची आणि तिच्या समोरच, कॉरिडॉरपलीकडे, बिनखिडकीची आतली. आतल्या केबिनचं भाडं बाल्कनीपेक्षा खूप कमी असतं. दिवसभर सगळे बाल्कनीच्या खोलीत बसतात, झोपायला कोणी आत जातं. सासूबाईंना बाल्कनीच्या खोलीत ठेवा, पहाटे उठून समुद्र बघत बसायला त्यांनाच वेळ असतो. आणि जहाजाच्या नकाशावर लिफ्टजवळच्या केबिन बघून घ्या, मधल्या भागातल्या आणि खालच्या मजल्यावरच्या. तिथे हेलकावेही कमी लागतात. 'गॅरंटी केबिन' म्हणजे प्रकार ठरलेला, पण केबिन कंपनी नंतर ठरवणार, असा भाव आणखी कमी असतो. तरण्याताठ्या जोडप्याने जरूर घ्यावा, तुम्ही नको. दोन केबिन जहाजाच्या दोन टोकांना आल्या तर चार दिवस आजींची ने-आण करण्यात जातील.

व्हिसाचं थोडक्यात. मलेशियाने भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून बिनव्हिसा प्रवेश दिलाय, सध्याची मुदत २०२६ अखेरपर्यंत. सिंगापूरचा व्हिसा लागतो, आणि जहाज मलेशियातल्या पेनांगला जाऊन परत येणार असेल तर तो पुन्हा प्रवेश देणारा हवा. युरोपात हीच गोष्ट महागात पडते. ग्रीसची बेटं दाखवणारी क्रूझ मध्येच तुर्कीच्या कुशादासीला लागते. तिथे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) एकाच प्रवेशाचा असेल तर परतताना अडकलात. शेंगेनची फी ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो झालीय, मुलांची गणितं वेगळी.

टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ आयकर, हा खर्च नाही, पण अडकलेले पैसे आहेत, म्हणून तुमच्या बाबतीत महत्त्वाचा. परदेशी टूर पॅकेजवर एजंट हा कर वरून घेऊन तुमच्या पॅनवर जमा करतो, आणि विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात लाखांवरच्या रकमेला २० टक्के लावले, एप्रिल २०२५ मध्ये ती मर्यादा दहा लाख झाली, आणि २०२६ च्या अर्थसंकल्पाने एप्रिल २०२६ पासून दर सरसकट २ टक्के केला. अर्थसंकल्पागणिक हे बदलतं, त्यामुळे भरताना चालू दर विचारा. आणि घरात दोघांचंही विवरणपत्र भरलं जात असेल, तर ज्याच्या पगारातून कर कापणं पुढेही चालू राहणार आहे, त्याच्या पॅनवर बुकिंग करा.

विमा घ्याच. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल डॉलरमध्ये येतं आणि इथली मेडिक्लेम सहसा तिथे चालत नाही. सासूबाईंचा रक्तदाब किंवा साखर असेल तर फॉर्ममध्ये ते लिहा, लपवू नका. मात्र 'नोकरी गेली म्हणून सहल रद्द' हे कारण बहुतेक प्रवास विम्यांत धरत नाहीत. एजंट 'सगळं कव्हर आहे' म्हणाला तर पॉलिसीतली ती ओळ दाखवायला सांगा.

सिंगापूर नको झालं तर? मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज गोवा, कोची, लक्षद्वीप असं जातं. देशांतर्गत फेरीला व्हिसा नाही, विमान नाही, टीसीएस नाही, आधार कार्डावर काम होतं. नाशिकहून मुंबईला गाडीने आलात की झालं. अपेक्षा मात्र जुळवून घ्या: हे १९९० मध्ये बांधलेलं जहाज, गेंटिंग ड्रीमच्या साधारण एक तृतीयांश आकाराचं. वॉटर स्लाइडवर दिवस काढणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाला फरक कळेल. पंधरा वर्षांच्या मुलाला कुठलंही जहाज दुसऱ्या दिवशी कंटाळवाणंच वाटतं, त्याचं मनावर घेऊ नका. लक्षद्वीपची फेरी घेणार असाल तर मेच्या शेवटाकडे नको, समुद्र चढायला लागतो. तिथे उतरायचं ते छोट्या बोटीतून, लाटा जास्त असल्या की उतरवतच नाहीत. त्याचे पैसे परत मिळतील अशी आशाही ठेवू नका. बंदर बदलायचा किंवा वगळायचा अधिकार सगळ्याच क्रूझ कंपन्या अटींत राखून ठेवतात.

याहून साधं हवं असेल तर लक्षद्वीप पर्यटन विभागाचं 'समुद्रम' पॅकेज आहे. कोचीहून एम. व्ही. कवरत्ती जहाज, रात्री जहाजावर झोप, दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. झगमगाट शून्य, समुद्र तोच. पण बोटीत चढउतार आहे, तुमच्या सासूबाईंसाठी मी सुचवणार नाही. आणि पुढे कधी उत्तर युरोपला गेलात तर स्टॉकहोम ते हेलसिंकी रात्रीच्या फेरीने जा. बुफे, केबिन, डेक, दुकानं सगळं असतं, एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचतात आणि शहरही बदलतं. माझ्या हिशोबात जगातली सगळ्यांत परवडणारी क्रूझ तीच, फक्त तिला कोणी क्रूझ म्हणत नाही म्हणून ती स्वस्त राहिलीय.

जमिनीवरच्या सुट्टीत एक सोय झालीय: २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असलेल्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यापुढे १८ टक्के कायम. गोव्यात आठ हजारांची खोली घेतली तर करासकट ९ हजार ४४०, साडेसात हजारांची घेतली तर ७ हजार ८७५. पाचशेने स्वस्त खोलीवर दीड हजारांचा फरक. घासाघीस करायची तर इथे करा.

दोन गोष्टींच्या जवळही जाऊ नका. मॉलमध्ये फॉर्म भरून 'लकी ड्रॉ' लागला म्हणून हॉटेलात बोलावतात आणि तीन तास बसवून पंचवीस वर्षांची हॉलिडे मेंबरशिप गळ्यात मारतात, ती एक. दरवर्षीची देखभाल फी त्या खोलीत सांगत नाहीत. दुसरी, सहलीचा हप्ता. 'नो कॉस्ट' म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी असतोच, आणि नोकरीची खात्री नसताना घेतलेला हप्ता सहल संपल्यावरही चालू राहतो.

तुमच्या जागी मी असतो तर सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला काढून काय उरतं ते बघितलं असतं. उरत असेल तर परत मिळणारं डिपॉझिट भरून दोन केबिन धरायच्या, विमानाची तिकिटं थोडे पैसे जास्त देऊन रद्द करता येणारी घ्यायची, आणि फेब्रुवारीच्या मध्यात मिस्टरांशी बसून ठरवायचं. मधल्या काळात त्याच केबिनचा भाव उतरला तर शेवटचा हप्ता भरण्याआधी बऱ्याच कंपन्या नवा भाव लावून देतात, पण मागितला तरच. शाळेचं जमत असेल तर रविवार किंवा बुधवारची फेरी बघा, शुक्रवारची सहसा चढी असते.

आणि एजंटला आजच व्हॉट्सअ‍ॅपवर हे पाठवा, जसंच्या तसं: 'सूट नको. डिपॉझिट किती, ते कोणत्या तारखेपर्यंत बँकेत परत मिळेल, कंपनीचा आणि तुमचा कॅन्सलेशन तक्ता, टिप्स-बंदर शुल्कासह पाच जणांची एकूण रक्कम रुपयात, हे लेटरहेडवर पाठवा.' दोन दिवसांत उत्तर आलं तर त्याच्याकडेच बुक करा. 'ताई, विश्वास ठेवा' एवढंच आलं तर दुसरा एजंट शोधा.